पंपाला हुकूम कोणाचा चालायचा?

आधी तुमची अडचण मला जशी समजली तशी लिहितो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही कळेल. पलूस तालुक्यातली सहकारी उपसा सिंचन संस्था. कृष्णाकाठच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीवर, १५० एचपीचे चार पंप, तीन चालायचे आणि एक राखीव. कंट्रोल सर्व्हर दोन: एक जॅकवेलच्या पॅनेल रूममध्ये, दुसरा ६ किलोमीटरवर गावातल्या ऑफिसात. दोघांमध्ये रेडिओ लिंक, आणि पीएलसीला, म्हणजे सर्व्हरचा हुकूम घेऊन पंप प्रत्यक्ष चालू-बंद करणाऱ्या पॅनेलमधल्या छोट्या संगणकाला, वेगळा ४जी मोडेम. एका रात्री रेडिओ लिंक पडली. जॅकवेलचा सर्व्हर गेला असं ऑफिसातला सर्व्हर धरून चालला आणि मोडेमवरून त्यानं कारभार हातात घेतला. जॅकवेलवरचा मात्र धडधाकट होता, तोही हुकूम देतच राहिला. किती तास चालले त्या हिशेबानं ऑफिसवाल्याला २, ३, ४ हे पंप चालवायचे होते, जॅकवेलवाल्याला १, २, ३. एकानं ४ सुरू करून १ बंद केला. दुसऱ्याला १ बंद दिसला म्हणून त्यानं तो परत चढवला. चारही पंप चालू झाले, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेली भाराची मर्यादा, ओलांडली, मेन ब्रेकर ओव्हरलोडवर पडला, सगळं एकदम थांबलं आणि उलट आलेल्या पाण्याच्या दणक्यानं रायझिंग मेनचा, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या मुख्य पाईपचा, सांधा एका हळदीच्या रानात उखडला. आता तुम्ही विचारता, तिसरा सर्व्हर घ्यायचा की रेडिओ बदलायचा?

दोन्ही नंतर बघू. आधी पीएलसीचं लॉजिक बदला. त्याला पैसे लागत नाहीत, चार दिवसांचं काम आहे, आणि खरी चूक तिथंच आहे. तुमचा पीएलसी येईल त्या कोणाचाही हुकूम मानतो. सर्व्हर दोन असोत की पाच, हुकूम बजावणाऱ्यालाच जर देणारा ओळखता येत नसेल, तर वर कितीही शहाणपणाची व्यवस्था करा, एक ना एक रात्री हेच होणार.

आपल्याकडच्या पाण्याच्या पाळीवरून सांगतो, कारण तुम्ही ते रोज बघता. संस्थेनं पाटकरी बदलला. नव्याला पत्र मिळालं. जुना त्या वेळी शिवारात होता, फोन लागत नव्हता, त्याला काही माहीत नाही. तो जुन्या पाळीपत्रकाप्रमाणे गेट उघडायला गेला. यात त्याचा दोष काय? त्याच्या बाजूनं तो बरोबरच आहे. हा घोळ टाळायचा तर गेटवरच्या माणसाकडं एक नियम पाहिजे: पाळीपत्रकावर क्रमांक असेल, मी आत्तापर्यंत बघितलेल्या सगळ्यात मोठ्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाचं पत्रक आलं तर गेट उघडणार नाही. बस. गेटवरच्या माणसाला कोण नवा, कोण जुना, कोणाचं कोणाशी पटतं हे कळायची गरज नाही. त्याला फक्त दोन आकड्यांत मोठा कोणता ते कळलं पाहिजे, आणि पीएलसीला ते उत्तम कळतं.

या आकड्याला मी पाळी क्रमांक म्हणतो. सर्व्हर बदलला की क्रमांक एकानं वाढतो, कमी कधीच होत नाही. प्रत्येक हुकुमासोबत तो जातो.

हे इतकं का लागतं, तर नेटवर्कवर पलीकडचा मेला आहे की फक्त आपल्याला ऐकू येत नाही, हे अलीकडून ओळखताच येत नाही. 'मी जिवंत आहे' असा ठरावीक वेळानं येणारा निरोप, म्हणजे ठोका, आला नाही, एवढंच कळतं. ठोक्याची वेळ कमी करा, जास्त करा, दोन केबलवरून पाठवा, शंका कमी होते पण संपत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी १९८५ मध्येच हे गणितानं दाखवून दिलंय: निरोप पोचायला किती वेळ लागेल याची हमी नसलेल्या नेटवर्कमध्ये, एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर दर वेळी नक्की निर्णयाला येईल अशी ठरीव पद्धत असूच शकत नाही. म्हणून प्रत्यक्षात सगळे वेळेची मर्यादा धरून चालतात, आणि ती कधीतरी चुकणार हे गृहीत धरून खाली आणखी एक आडकाठी ठेवतात. तुमच्या व्यवस्थेत वेळेची मर्यादा होती, आडकाठी नव्हती.

मोठ्यांचंही हेच होतं. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथं ठेवतात त्या सेवेचं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक जोडणीचं ठिकाण फक्त ४३ सेकंद तुटलं होतं. तेवढ्यात यंत्रणेनं पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य म्हणून नेमले. जोडणी परत आली तेव्हा दोन्हीकडं एकमेकांना माहीत नसलेल्या नोंदी झालेल्या होत्या, आणि ते निस्तरेपर्यंत २४ तास ११ मिनिटं सेवा विस्कळीत राहिली. लक्षात घ्या, तिथं नेता निवडायची बहुमताची पद्धत होती. निवड नियमाप्रमाणेच झाली. तरी मधल्या वेळात जुन्यानं घेतलेलं काम वाऱ्यावर राहिलं.

आता पीएलसीत नेमकं काय करायचं. तुमचा सर्व्हर पीएलसीशी मॉडबस या भाषेत बोलतो, आणि मॉडबस १९७९ चा आहे. त्यात पाठवणाऱ्याची ओळख, हुकुमाची मुदत यातलं काहीच नाही. सध्या तुम्ही फंक्शन ५, म्हणजे मॉडबसचा पाच नंबरचा हुकूम, वापरून एकेका पंपाची कॉइल (पीएलसीतला चालू-बंदचा एक बिट) चालू-बंद करता. ते पूर्ण बंद करा. त्या कॉइल बाहेरून लिहिताच येऊ नयेत. त्याऐवजी आठ होल्डिंग रजिस्टरांचा, म्हणजे पीएलसीतल्या आकडे ठेवायच्या खणांचा, एक गठ्ठा ठरवा आणि तो फंक्शन १६ नं एकाच दमात लिहा. पहिल्यात हुकुमाचा क्रमांक. पुढच्या दोनांत मिळून पाळी क्रमांक. एका रजिस्टरात ६५,५३५ च्या पुढं जाता येत नाही, म्हणून दोन घ्या आणि कायमचे मोकळे व्हा. चौथ्यात कोणत्या सर्व्हरनं पाठवलं ते, हे फक्त नोंदीसाठी. पाचव्यात पंपांचं चित्र: चार बिट, ज्याचा बिट १ तो चालू, ० तो बंद. सहाव्यात पीएलसीचाच एक आकडा, त्याबद्दल खाली सांगतो. सातवं पुढच्या सोयीसाठी रिकामं ठेवा. आठव्यात पुन्हा हुकुमाचा क्रमांक. पहिलं आणि आठवं सारखं असेल तरच गठ्ठा वाचायचा. काही पीएलसींत स्कॅन, म्हणजे लॉजिकचा एक फेरा, चालू असताना मध्येच निम्मी रजिस्टरं नवी आणि निम्मी जुनी दिसतात; हे असलं दुखणं महिन्यातून एकदा येतं आणि सापडत नाही. दोन्ही टोकांना क्रमांक ठेवला की तो विषय मिटतो.

सहाव्या रजिस्टराचं कारण. हुकुमाला मुदत पाहिजे. ४जी वर पाकीट कुठंतरी अडकून चाळीस सेकंदांनी येतं, तोवर परिस्थिती पालटलेली असते. पण मुदत घड्याळावर लिहिली तर सर्व्हरचं आणि पीएलसीचं घड्याळ जुळलेलं पाहिजे, आणि जॅकवेलवरच्या पीएलसीचं घड्याळ बरोबर असेल यावर मी विसंबत नाही. मिळाल्यापासून १० सेकंद अशी मुदत दिली तर उशिरा आलेला हुकूमसुद्धा ताजाच दिसतो. म्हणून पीएलसीत दर सेकंदाला वाढणारा एक मोजणी आकडा ठेवा. सर्व्हरनं हुकूम देण्याआधी तो वाचायचा आणि हुकुमात तसाच परत पाठवायचा. आलेला आकडा आत्ताच्या आकड्यापेक्षा १५ नं जास्त मागं असेल तर हुकूम टाकून द्यायचा. घड्याळ जुळवायची भानगडच नाही.

मग पीएलसीचा निर्णय एवढाच: टोकं जुळतात का, पाळी क्रमांक माझ्याकडच्या सगळ्यात मोठ्या क्रमांकाइतका किंवा मोठा आहे का, हुकूम ताजा आहे का, चित्रात तीनपेक्षा जास्त बिट चालू नाहीत ना. चारही होकार असतील तरच पुढं. शेवटची अट वरची सगळी कारागिरी फसली तरी तुम्हाला वाचवते. त्या रात्री नुसती तीच असती तरी मेन ब्रेकर पडला नसता. शक्य असेल तर हीच अट पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरच्या (मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) ऑक्झिलरीवरून, म्हणजे तो बसलाय की नाही हे सांगणाऱ्या जोडकाट्यावरून, रिलेनंही करून घ्या. वायरमनला अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एक गोष्ट माझ्या हातून घडलेली सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका योजनेवर पाळी क्रमांकाची पद्धत मी बसवली. सगळं तपासलं. दीड वर्षानं पावसाळ्यात लाईट गेली, ती दोन दिवस आली नाही. आल्यावर पीएलसी चालू झाला, आणि गोठून पडलेला जुना सर्व्हरही उठला. त्याच्याकडं पाळी क्रमांक १४ होता, चालू क्रमांक होता १७. पीएलसीनं १४ वाला मुकाट मानला, कारण आत बॅटरी संपलेली होती आणि जपून ठेवलेला आकडा ० झाला होता. मी तो आकडा रिटेन्टिव्ह मेमरीत, म्हणजे लाईट गेली तरी बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत, ठेवला होता, पण बॅटरीच्या इशाऱ्याचा अलार्म कुठंच जोडला नव्हता. तेव्हापासून मी तीन गोष्टी सोडत नाही. आकडा शक्यतो बॅटरी न लागणाऱ्या मेमरीत लिहायचा, आणि तोही फक्त बदलला तर. दर स्कॅनला लिहीत राहिलात तर फ्लॅश झिजतो. बॅटरीचा अलार्म ऑपरेटरच्या पडद्यावर आणायचा. आणि पीएलसी चालू झाल्यावर आकडा ० दिसला तर कोणाचंच ऐकायचं नाही, पॅनेलवरची किल्ली फिरवून माणसानं आकडा घालेपर्यंत थांबायचं. रात्री पंप बंद राहील, सकाळी कोणीतरी तुम्हाला बोलेल, पण पाईप फुटणार नाही.

हुकुमाची भाषा हा दुसरा मोठा भाग, आणि इथं बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. '४ सुरू कर', 'आणखी एक पंप वाढव', 'स्थिती उलट कर' असे हुकूम देऊच नका. 'एक वाढव' हा हुकूम उत्तर न आल्यामुळं दोनदा गेला की दोन पंप वाढतात. 'उलट कर' दोनदा गेला की काहीच झालं नाही असं वाटतं, पण मोटारीनं एक स्टार्ट खाल्लेला असतो. त्याऐवजी दर वेळी पूर्ण चित्र द्या: १, २, ३ चालू, ४ बंद. हे चित्र दहा वेळा गेलं तरी फळ एकच. उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाचा तोच हुकूम, फक्त पीएलसीचा आकडा ताजा वाचून, निर्धास्त परत पाठवा. पीएलसीनं क्रमांक बघून 'हे केलंय' एवढंच कळवायचं.

दुहेरी पाठवण्याची भीती बाळगू नका. सबस्टेशनमध्ये वापरतात ती पीआरपी पद्धत, आयईसी ६२४३९-३ मधली, मुद्दामच प्रत्येक पाकीट दोन वेगळ्या नेटवर्कवरून पाठवते. पाकिटाच्या शेपटीला ६ बाइट जोडलेले असतात, त्यात क्रमांक असतो, आणि पहिलं आलं की दुसरं टाकून दिलं जातं. एक नेटवर्क तुटलं तरी एक क्षणही खंड पडत नाही. हे जमतं ते घेणारा नक्कल ओळखतो म्हणून. तुम्हीही रेडिओ आणि ४जी दोन्हीवरून एकच हुकूम पाठवू शकता, वरचा गठ्ठा बसवल्यावर.

पोचपावतीचे तीन टप्पे ठेवा: पोचला, मानला, झाला. 'झाला' हे कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरीवरून नाही, मोटारीच्या अँपिअरवरून ठरवा. कॉन्टॅक्टर बसलेला असतो आणि एक फेज गेलेली असते, हे आपल्याकडं काय नवीन नाही. १५ सेकंदांत अँपिअर आले नाहीत तर तो पंप आजारी म्हणून बाजूला टाकायचा आणि नव्या क्रमांकानं नवं चित्र द्यायचं, ज्यात त्याच्या जागी राखीव पंप असेल.

आता कोणता पंप राखीव हे कोण ठरवणार? तुमच्याकडं दोन्ही सर्व्हर आपापल्या वहीत तास मोजत होते, आणि वह्या जुळत नव्हत्या. भांडणाचं मूळ तेच. चाललेले तास पीएलसीतच मोजा, एकाच जागी. सर्व्हरनी तिथून वाचायचे. आणि नवा सर्व्हर कारभार घेतो तेव्हा त्यानं आधी जे चालू आहे ते वाचायचं आणि तेच चित्र आपलं म्हणून पुढं चालवायचं. कारभार हातात आला म्हणून लगेच अदलाबदल नाही. अदलाबदल दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी, लाईट स्थिर असताना, आणि आधी एक उतरवून मगच दुसरा चढवायचा.

उतरवणं आणि चढवणं यातलं अंतर सर्व्हरच्या भरवशावर सोडू नका. स्टील पाईपमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरनं एकदम तुटला तर दाब साधारण १०० मीटरनं, म्हणजे १० किलोनं उसळतो. शिवाय नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नसेल तर पंप उलटा फिरत असतो, आणि उलट्या फिरणाऱ्या पंपाला स्टार्ट दिला तर शाफ्ट जातो. मोटारीचंही तसंच. अशा मोटारींना साधारणपणे थंड असताना लागोपाठ दोन, गरम असताना एकच स्टार्ट चालतो. तुमच्या मोटारीचा आकडा बनवणाऱ्याच्या कागदावर बघून घ्या. हे टायमर पीएलसीत असेच ठोकून बसवा की पाळी क्रमांक कितीही मोठा असला तरी ते मोडता येऊ नयेत.

एवढं झालं की मग सर्व्हरकडं वळू. दोनच सर्व्हर असताना बहुमत होत नाही. दोनांचं बहुमत दोनच, म्हणजे एक गेला की निर्णय थांबला. तिघांत दोन, पाचांत तीन; चार घेतले तर तीन लागतात, म्हणजे तिघांइतकाच एक गेलेला चालतो आणि खर्च वाया. तेव्हा तिसरा पाहिजे, पण तो पूर्ण सर्व्हर असायची गरज नाही. छोटा संगणक, त्यावर पंपांचं सॉफ्टवेअर नाही, तो फक्त मत देतो आणि पाळी क्रमांक जपतो. एटीसीडी हे सॉफ्टवेअर यासाठी मी वापरतो. ते राफ्ट पद्धतीवर चालतं. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये ती मांडली, आणि लेस्ली लॅमपोर्टच्या पॅक्सॉसपेक्षा ती समजायला पुष्कळ सोपी आहे. फुकट आहे, तिन्हीकडं टाका. दोन गोष्टी सांभाळा. ते प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की लिहिल्याशिवाय पुढं जात नाही, त्यामुळं मेमरी कार्डवर चालवू नका, साधी का होईना एसएसडी लावा. आणि त्याचा ठोका मुळात १०० मिलिसेकंदांचा आणि निवडणुकीची मुदत १,००० मिलिसेकंदांची असते. ती एका खोलीतल्या केबलसाठी. ४जी वर संध्याकाळी लोक मोबाईल बघत बसले की निरोपाला सहज अर्धा सेकंद लागतो. मी ठोका ५०० आणि मुदत ५,००० ठेवतो. नाहीतर रात्रभर निवडणुकाच चालू राहतात.

तिसरा कुठं ठेवायचा, यावर मी अडून बसतो. जॅकवेलवर नको, ऑफिसात नको, आणि त्या दोघांच्या स्विचवर किंवा फीडरवर तर नकोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरात मी नदीकाठची एक पॅनेल रूम बघितली, जिथं मुख्य आणि राखीव दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एक वर एक खाली होते. खालचा बुडाला, चार तासांनी वरचा. कागदावर दोन सर्व्हर होते, पाण्याच्या लेखी एकच. तुमचा तिसरा नदीपासून लांब, उंचावर, वेगळ्या फीडरवर आणि वेगळ्या कंपनीच्या सिमवर ठेवा. विट्याकडं किंवा तासगावकडं संस्थेच्या ओळखीची एखादी जागा असेल तर उत्तम.

कारभाराला मुदत लावा. ज्या सर्व्हरकडं कारभार आहे त्याला तो १० सेकंदांसाठीच मिळतो, तीन-तीन सेकंदांनी तो वाढवून घ्यायचा. सातव्या सेकंदापर्यंत वाढवून मिळाला नाही तर त्यानं आपणहून हुकूम देणं थांबवायचं, आणि दुसऱ्याला मात्र पूर्ण १० सेकंद उलटल्यावरच मिळायचा. मधले काही सेकंद कोणीच हुकूम देत नाही. काही बिघडत नाही. पाणी वरच्या चेंबरपर्यंत, म्हणजे पाईप जिथं पाणी सोडतो त्या हौदापर्यंत, पोचायलाच काही मिनिटं लागतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत बदली करणारी महागडी यंत्रं तुम्हाला कोणी दाखवेल. ती चालत्या यंत्रमागाला किंवा सबस्टेशनला लागतात, तुम्हाला नाही.

मग मुदत असताना पाळी क्रमांक कशाला, असं माझा एक सहकारी विचारायचा. कारण सर्व्हर गोठतो. बॅकअप चालू झाला, डिस्क अडकली, तो सेकंद सहावर थांबला आणि एका मिनिटानं जागा झाला. त्याच्या लेखी अजून सेकंद सहाच आहे. हातातला हुकूम तो पाठवून मोकळा होतो. हे त्याला स्वतःला कधीच ओळखता येणार नाही. खाली पीएलसी लहान क्रमांक बघून नाकारतो म्हणून निभावतं.

याच कारणानं, 'दोन्ही सर्व्हरला एक व्हर्च्युअल आयपी, म्हणजे जो जिवंत असेल त्यानं घ्यायचा सामाईक पत्ता, देतो, झालं काम' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. असा पत्ता फिरवणारी व्हीआरआरपी ही पद्धत चांगली चीज आहे, राउटरसाठी. तिची हाक मुळात सेकंदाला एक असते; राखीव यंत्राची प्राथमिकता १०० असेल तर सुमारे ३.६ सेकंद हाक ऐकू आली नाही की ते पत्ता स्वतःकडं घेतं. पण मधली लिंक तुटली आणि दोघं जिवंत असले तर पत्ता दोघांकडंही असतो. राउटरचं त्यात फार बिघडत नाही, पाकिटं कुठून तरी जातातच. पंपाचं बिघडतं.

तिसरा हुकूम देणारा तुमच्याकडं आधीपासूनच आहे, त्याला विसरू नका: जॅकवेलवरचा ऑपरेटर. पॅनेलवर लोकल-रिमोट स्विच आहे. तो लोकलवर असताना पीएलसीनं एकाही सर्व्हरचा हुकूम घ्यायचा नाही, आणि लोकल असल्याचं दोघांना कळवायचं, नाहीतर ते बिचारे सारखे हुकूम पाठवत राहतात आणि स्विच रिमोटवर येताक्षणी साठलेलं सगळं अंगावर येतं. स्विच परत रिमोटवर आला की पाळी क्रमांक एकानं वाढल्याशिवाय पहिला हुकूम घ्यायचा नाही, असं मी करतो. म्हणजे सर्व्हरला आधी चालू स्थिती वाचावीच लागते. ऑपरेटर आत हात घालून बसलाय आणि वरून पंप चढला, असं होता कामा नये. त्यासाठी स्विचशिवाय आयसोलेटरला, म्हणजे वीज पूर्ण तोडणाऱ्या स्विचला, कुलूप लागतंच. सॉफ्टवेअरवर माणसाचा जीव टांगायचा नाही.

दोन्ही सर्व्हर गप्प झाले तर काय, हे संस्थेच्या संचालकांसमोर बसून ठरवा, एकट्यानं नको. तुमचं चेंबर भरून वाहिलं तर खालच्या रानांत पाणी घुसतं, म्हणून माझं मत: १० मिनिटं वैध हुकूम नाही आला तर पंप एकामागून एक, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं उतरवायचे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला मी याच्या उलट सांगतो, तिथं चालू आहे ते चालू राहू दे.

जुना सर्व्हर बरा झाला की कारभार आपोआप त्याच्याकडं परत देऊ नका. लिंक लुकलुकत असेल तर रात्रभर इकडून तिकडं चालू राहतं. जो चालवतोय त्याला चालवू द्या, सकाळी माणसानं बटण दाबून बदलावं.

आणि एक, मोडेमबद्दल. त्याला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून कोणालाही गाठता येणारा पत्ता) असेल आणि मॉडबसचा पोर्ट ५०२ उघडा असेल तर आजच बंद करा, व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्याच यंत्रांना आत येता येईल असा बंदिस्त रस्ता, घाला. मॉडबसला पासवर्ड नसतो. पाळी क्रमांक चुकून आलेला हुकूम अडवतो, मुद्दाम खोटा मोठा क्रमांक घालणाऱ्याला नाही.

तपासणी अशी करा. मोटारींचे फ्यूज काढा, कॉन्टॅक्टर रिकामे वाजू द्या. अँपिअर येणार नाहीत, म्हणून 'झाला'ची अट तेवढ्यापुरती बाजूला ठेवा. आधी रेडिओची केबल काढा, हे सगळेच करतात. मग केबल न काढता एकाच बाजूचे निरोप अडवा, म्हणजे ऑफिसला जॅकवेल ऐकू येतो पण जॅकवेलला ऑफिस नाही. डोंगराच्या आडोशाला असलेल्या रेडिओचं असंच होतं. मग कारभारी सर्व्हरचा प्रोग्राम एक मिनिट गोठवून सोडा, लिनक्सवर स्टॉप आणि कंटिन्यूचे सिग्नल त्यासाठीच आहेत, आणि पीएलसीच्या नोंदीत 'जुना क्रमांक, नाकारला' ही ओळ येते का ते स्वतः डोळ्यांनी बघा. ती ओळ दिसल्याशिवाय काम झालं असं धरू नका. शेवटी पीएलसीची लाईट घालवा, बॅटरी काढा, पुन्हा लाईट द्या. तो कोणाचंही न ऐकता किल्लीची वाट बघत बसला पाहिजे.

क्रम विचाराल तर: तीनपेक्षा जास्त नको ही अट आणि मोडेमचं पोर्ट याच आठवड्यात. गठ्ठा आणि पाळी क्रमांक पावसाळ्यात, पंप बंद असतात तेव्हा. तिसरा संगणक दिवाळीच्या आत, रब्बीची पाळी सुरू व्हायच्या आधी. रेडिओ आहे तो चालेल. तुमच्या पीएलसीचं मॉडेल आणि फर्मवेअर कळवा. फंक्शन १६ चा गठ्ठा स्कॅनच्या मध्ये लिहिला जातो की बाहेर, ते त्यावर ठरतं, आणि तेवढं बघून मी लॉजिकची आकृती काढून देतो.